विंडोज ११ आल्यानंतर पतसंस्थेचे फॉक्सप्रो कसे चालू ठेवावे?

सचिव_पतसंस्था

नमस्कार. आमची एका कारखान्यातील कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था आहे आणि मी तिचा मानद सचिव आहे. संस्थेचा सगळा हिशेब १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावातल्याच एका प्रोग्रामरने फॉक्सप्रो २.६ या डेटाबेस साधनात लिहून दिलेल्या, विंडोजपूर्वीच्या डॉसवरील प्रणालीत ठेवला जातो. वर्गणी, शेअर्स, मुदत ठेवी, नियमित आणि आकस्मिक कर्जे, जामीनदारांच्या नोंदी, दरमहा पगार विभागाकडे पाठवायची कपात यादी, रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) आणि ताळेबंद ही सर्व कामे ती आजही चोख करते. कर्मचाऱ्यांचे बोट त्या कळांवर बसलेले आहे आणि लेखापरीक्षकांनाही तिचे अहवाल पाठ झाले आहेत.

मागील महिन्यात कार्यालयातील ३२-बिट विंडोज ७ चे संगणक काढून त्यांच्या जागी विंडोज ११ चे संगणक बसवले. हा बदल टाळण्यासारखा नव्हता. विंडोज ७ ची सुरक्षा अद्ययावत करणे जानेवारी २०२० मध्येच थांबले होते, बँकेचे संकेतस्थळ जुन्या ब्राउझरवर उघडेनासे झाले होते, आणि विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मध्येच त्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. मात्र जुना फोल्डर जसाच्या तसा नव्या संगणकावर आणून प्रोग्राम उघडला, तेव्हा हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही एवढाच संदेश आला. संगणक पुरवठादाराच्या माणसाने कम्पॅटिबिलिटी मोडचे सर्व पर्याय लावून पाहिले, पण काहीही फरक पडला नाही.

याखेरीज आणखी तीन गुंते आहेत. पहिला, प्रोग्राम सुरू होताना प्रिंटरच्या पोर्टला लावलेले, नक्कल रोखणारे हार्डवेअर लॉक तपासतो आणि नव्या संगणकांना ते पोर्टच नाही. दुसरा, पावत्या आणि कपात यादी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन प्रतींसह निघतात. तिसरा आणि मला सर्वांत अधिक चिंता वाटणारा प्रश्न असा, की आय नमुन्यातील सभासद नोंदवही आणि वारसांची नावे एका फार जुन्या विंडोज ९८ च्या संगणकावर जिस्ट या देवनागरी दाखवणाऱ्या कार्डाच्या साहाय्याने देवनागरीत भरलेली आहेत. तो संगणक अजून सुरू होतो, पण कधी बंद पडेल याचा नेम नाही.

संचालक मंडळाने १ एप्रिलपासून नवी प्रणाली घेण्याचा ठराव केला आहे. तोपर्यंत जुनी चालली पाहिजे आणि त्यानंतरही मागील वर्षांच्या नोंदी लेखापरीक्षणासाठी उघडता आल्या पाहिजेत. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

जुनाफॉक्सप्रो

प्रथम कारण सांगतो, म्हणजे कोणत्या दिशेने वेळ घालवू नये हे स्पष्ट होईल. फॉक्सप्रो २.६ चा डॉस प्रोग्राम हा १६-बिट जगातला आहे. ३२-बिट विंडोजमध्ये असे प्रोग्राम चालवण्यासाठी एनटीव्हीडीएम नावाचा घटक होता आणि तो प्रोसेसरच्या आभासी ८०८६ या अवस्थेवर उभा होता. ६४-बिट विंडोज ज्या अवस्थेत प्रोसेसर चालवते, तिच्यात ही सोय प्रोसेसरकडूनच मिळत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टने ६४-बिट आवृत्त्यांत तो घटक कधी दिलाच नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती तरी मिळत असे. विंडोज ११ ची नाही. त्यामुळे कम्पॅटिबिलिटी मोडचा येथे कितीही उपयोग केला तरी व्यर्थ आहे, कारण ती सोय जुन्या विंडोजची सवय असलेल्या ३२-बिट प्रोग्रामांसाठी आहे.

आपल्यापुढे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. एक म्हणजे डॉसचे अनुकरण करणारा प्रोग्राम. यात बहुतेक जण डॉसबॉक्स सुचवतील, पण मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी घडवलेला आहे. त्यात छपाईची सोय नाही आणि दोन संगणकांवरून एकाच फायलीत नोंद होत असेल तर लागणारे रेकॉर्ड लॉकिंगही भरवशाचे नाही. पतसंस्थेच्या खतावणीसाठी मी तो वापरू देणार नाही. व्हीडॉस हा मात्र खास मजकुरावर चालणाऱ्या व्यावसायिक डॉस प्रणालींसाठीच लिहिला गेला आहे. तो विंडोजच्या फोल्डरवर थेट काम करतो, फायली आणि नोंदी लॉक करतो आणि छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे पाठवतो. डॉसबॉक्स-एक्स हा तिसरा पर्याय अधिक सर्वसमावेशक आहे, पण त्याच्या सेटिंग्ज समजून घेण्यास वेळ द्यावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्ही यांसारख्या साधनात जुनी ३२-बिट विंडोज ७ आभासी संगणक म्हणून चालवणे. डिस्कटूव्हीएचडी या मायक्रोसॉफ्टच्याच मोफत साधनाने जुन्या संगणकाची डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये उतरवता येते. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना सहसा त्याच संगणकापुरता असतो, ही बाब मात्र मंडळासमोर ठेवावी.

फोल्डर हलवताना काही बारकावे सांभाळा. फक्त डीबीएफ, म्हणजे प्रत्यक्ष नोंदींच्या, फायली उचलून भागत नाही. सीडीएक्स किंवा आयडीएक्स हे निर्देशांक, मेमो क्षेत्रांच्या एफपीटी फायली आणि विशेषतः एमईएम फायली सोबत आल्या पाहिजेत. अनेक प्रोग्रामर शेवटचा पावती क्रमांक, चालू व्याजदर आणि आर्थिक वर्ष याच एमईएम फायलींत ठेवत असत. ती फाइल आणायची राहून गेली तर प्रोग्राम उघडतो, पण पावत्या पुन्हा १ पासून सुरू होतात आणि हा घोळ महिनाअखेरीपर्यंत लक्षात येत नाही. तसेच प्रोग्राममध्ये ड्राइव्हचे अक्षर आणि मार्ग पक्के लिहिलेले असतील, तर व्हीडॉसच्या ऑटोएक्सेक फायलीत तेच अक्षर नव्या फोल्डरला द्यावे. सर्व आल्यानंतर निर्देशांक एकदा नव्याने बांधून घ्यावेत.

निळीखिडकी

मला आपल्या सर्वांचे कष्ट समजतात, पण मत वेगळे आहे. ज्या प्रणालीचा कर्ता आता उपलब्ध नाही, जिच्यात कोणी काय बदलले याचा माग राहत नाही आणि जिचा पासवर्ड कोणत्याही मजकूर संपादकात डीबीएफ उघडून वाचता येतो, तिच्यावर सभासदांचे पैसे ठेवणे योग्य नाही. नवी प्रणाली एप्रिलमध्येच का, आत्ताच घ्यावी.

हिशेबतपासनीस

मी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून या मुद्द्यावर लिहितो. नियंत्रणाविषयीचा आक्षेप मला मान्य आहे, पण आर्थिक वर्षाच्या मध्यावर प्रणाली बदलण्यास माझा विरोध आहे. मध्येच बदल केला की त्या वर्षाच्या व्याजाची आकारणी अर्धी एका सूत्राने आणि अर्धी दुसऱ्या सूत्राने होते. जुन्या प्रणालीत व्याज दैनिक शिलकेवर काढले जात होते की महिन्यातील किमान शिलकेवर, रुपयाचे पूर्णांकन कोठे होत होते, हे बहुधा कोणीही कागदावर लिहून ठेवलेले नसते. ते फक्त प्रोग्रामलाच ठाऊक असते. त्यामुळे ३१ मार्चच्या शिलका जुन्या प्रणालीतून काढाव्यात, त्यांवर मंडळाची आणि शक्य तर लेखापरीक्षकाची सही घ्यावी आणि त्याच शिलका नव्या प्रणालीच्या आरंभीच्या शिलका म्हणून भराव्यात.

प्रोग्राम नव्या संगणकावर चालू लागला, एवढ्यावर त्याचा वापर सुरू करू नये. मागील वर्षाची ३१ मार्चची तेरीज छापील स्वरूपात आपल्या दप्तरात असेलच. नव्या संगणकावर त्याच तारखेची तेरीज काढावी आणि दोन्ही पैशापर्यंत जुळतात का ते पाहावे. त्यानंतर काही सभासदांचे खाते उतारे, त्यांत एक थकीत कर्जदार आणि एक मुदतपूर्व बंद झालेली ठेव असेल असे पाहून, जुन्या छापील उताऱ्यांशी ताडून पाहावेत. साधी खाती सहसा जुळतातच. चूक असेल तर ती अशा वाकड्या खात्यांत सापडते.

आणखी एक. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते आणि लाभांशाचे वाटप मागील वर्षाच्या शेअर शिलकेवर होते. म्हणजे नवी प्रणाली एप्रिलमध्ये सुरू झाली तरी जुनी किमान सभेपर्यंत सुस्थितीत लागेल, हे गृहीत धरूनच तिची सोय करा.

कुलूपकिल्ली

लॉकविषयी. जुने हार्डवेअर लॉक प्रिंटर पोर्टच्या ३७८ या पत्त्यावर थेट विद्युत संकेत पाठवून उत्तर तपासते. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल विंडोजला फक्त प्रिंटर म्हणून दिसते, त्या पत्त्यावर ती नसतेच. म्हणून केबल आणून लॉक चालेल असे कोणी सांगितले तर पैसे घालवू नका. पॅरलल पोर्टचे कार्ड संगणकात बसवले तरी त्याचा पत्ता बहुधा वेगळा येतो आणि जुना प्रोग्राम तेथे पाहतच नाही.

माझा सल्ला असा, की ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांचा शोध घ्या. लहान गावांत असे गृहस्थ सापडतात. अनेकांनी व्यवसाय सोडला असला तरी मूळ संहितेची फ्लॉपी किंवा सीडी जपून ठेवलेली असते आणि लॉकची तपासणी वगळून प्रोग्राम पुन्हा बांधून देणे हे त्यांच्यासाठी थोड्या वेळाचे काम असते. त्यांच्याकडून लेखी परवानगीही घ्या. भारतीय स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला मूळ हेतूसाठी वापर करण्याकरिता आणि सुरक्षिततेकरिता प्रत करण्याची मुभा आहे. पण लॉक काढून टाकणाऱ्या परक्या माणसाला हिशेबाचा फोल्डर सोपवणे वेगळे, आणि ते मी कधीही सुचवणार नाही.

सचिव_पतसंस्था

सर्वांचे मनापासून आभार. प्रोग्रामर सापडले. ते आता शेती पाहतात, पण त्यांनी मूळ संहिता जपली होती आणि लॉकविरहित प्रोग्राम आनंदाने बांधून दिला. सोबत संस्थेच्या नावे परवानगीचे पत्रही दिले. व्हीडॉसमध्ये तो पहिल्यांदा उघडला तेव्हा मुख्य पान जसेच्या तसे समोर आले. तेरीज जुळली. हिशेबतपासनीस यांनी सांगितल्याप्रमाणे मुदतपूर्व बंद झालेल्या ठेवीही तपासल्या आणि त्याही जुळल्या.

छपाई मात्र अडली आहे. कपात यादी १३२ कॉलमची आहे. विंडोजचा प्रिंटर निवडल्यास ती सुबक अक्षरांत पण अतिशय मंद निघते आणि उजवीकडचे कॉलम तुटतात. शिवाय जिस्टचा प्रश्न तसाच आहे.

छपाईवाला

डॉट मॅट्रिक्सला विंडोजच्या अक्षरांची गरजच नाही. विंडोज प्रत्येक पान चित्र म्हणून पाठवते, म्हणून ते मंद होते. प्रिंटरसाठी कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजमधील जेनेरिक टेक्स्ट ओन्ली हा ड्रायव्हर बसवा, प्रिंटर शेअर करा आणि त्याला मोकळी जागा नसलेले छोटे नाव द्या. व्हीडॉस छपाईचा कच्चा मजकूर एका फायलीत ठेवू शकतो. ती फाइल कॉपी आज्ञेला बायनरीचा पर्याय जोडून त्या शेअर नावावर पाठवली, की प्रिंटरला प्रोग्रामने दिलेले मूळ संकेत जसेच्या तसे पोहोचतात आणि प्रिंटर आपल्या जुन्या वेगाने चालतो. ही आज्ञा एका बॅच फायलीत ठेवा.

यादी तुटण्याचे कारण बहुधा दाट अक्षरांचा संकेत हरवणे हे आहे. तो आस्की १५ आहे. तो पोहोचला की ८० कॉलमचा प्रिंटरही एका इंचात सुमारे १७ अक्षरे बसवतो आणि ८ इंचांत १३२ कॉलम आरामात मावतात.

लिपीशोधक

जिस्टविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण महाराष्ट्रातील किती तरी सहकारी संस्थांच्या कपाटात हा ठेवा असाच पडून आहे आणि तो वाचवता येतो हे फार कमी लोकांना माहीत आहे.

जिस्ट तंत्रज्ञानाची सुरुवात आयआयटी कानपूर येथे झाली आणि पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ते कार्डाच्या रूपात देशभर पोहोचवले. हे कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवत असे. त्याचे अनुकरण करणारी सोय व्हीडॉसमध्ये किंवा कोणत्याही आभासी संगणकात माझ्या पाहण्यात नाही, म्हणून तो प्रोग्राम नव्या संगणकावर चालवण्याचा प्रयत्न सोडून द्या. येथे प्रोग्रामपेक्षा आतील माहिती वाचवायची आहे, आणि सुदैवाने ती चांगल्या अवस्थेत असते. जिस्टमध्ये अक्षरे इस्की या भारतीय मानकानुसार साठवली जात. आयएस १३१९४:१९९१ हा त्याचा क्रमांक. पुढे विंडोजवर आलेल्या फाँटांमध्ये अक्षरांचे दृश्य तुकडे साठवले गेले आणि त्यांचे रूपांतर ही मोठी डोकेदुखी ठरली. इस्कीत मात्र उच्चाराच्या क्रमाने अक्षर साठवले जाते, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडची देवनागरी मांडणीही इस्कीवरूनच बेतलेली असल्यामुळे रूपांतर बव्हंशी अक्षरास अक्षर असे होते. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचा सांकेतिक पानक्रमांक ५७००२ आहे आणि आयसीयू या मुक्त प्रणालीतही त्याचे रूपांतर उपलब्ध आहे.

आता सावधगिरीच्या जागा. डॉसच्या चौकटी काढण्याच्या चिन्हांशी भांडण होऊ नये म्हणून संगणकांसाठी इस्कीची थोडी सरकवलेली मांडणीही वापरात होती. आपल्या फायलीत कोणती आहे हे पाहण्यासाठी, ज्याचे नाव निश्चित माहीत आहे अशा एका सभासदाची नोंद बाइटनिहाय उघडून पाहा. मूळ इस्कीत क हा षोडशमान (हेक्साडेसिमल) बी३ असतो. ते जुळले नाही तर आधी मांडणी सरळ करून मगच रूपांतर करावे.

रूपांतरानंतर कऱ्हाडे, वऱ्हाडे, तऱ्हाळकर अशा आडनावांवर विशेष नजर ठेवा. या नावांतील ऱ इस्कीत स्वतंत्र अक्षर आहे आणि घाईने लिहिलेली रूपांतरणे त्याचा साधा र करतात, त्यामुळे कऱ्हाडेचे ‘कर्हाडे’ होते. दुसरे, ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. इस्कीत त्यासाठी ऍ वापरला जात असे. नव्या प्रणालीत शोध घेताना दोन्ही वेगळे धरले जातात, म्हणून ते एकसारखे करून घ्यावे. तिसरी गोष्ट म्हणजे जागा. इस्कीत एक अक्षरचिन्ह एका बाइटमध्ये बसते, युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत त्यालाच तीन बाइट लागतात. नव्या प्रणालीतील नावाचे क्षेत्र बाइटांत मोजलेले असेल आणि जुन्या ३० बाइटांच्या जागी तिथेही ३० च ठेवले असतील, तर नावे शेवटी तुटतील. पुरवठादाराला हे आधीच विचारा.

डीबीएफची रचना मात्र साधी आहे. आकडे आणि तारखा तिच्यात वाचता येतील अशा अक्षरांतच असतात, तारीख वर्ष-महिना-दिवस अशा सलग आठ अंकांची. लिबरऑफिस कॅल्क अशी फाइल थेट उघडते. पण मूळ फायलीवर काम करू नका, प्रतीवर करा. आणि त्या विंडोज ९८ च्या संगणकाची डिस्क सर्वांत आधी काढून, आयडीई ते यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकावर तिची संपूर्ण प्रतिमा घ्या. हे काम आजच करावे असे मी आग्रहाने सांगतो.

निळीखिडकी

माझा आक्षेप वर्षाच्या मध्यावर बदल करण्याबाबतच्या स्पष्टीकरणाने बराच दूर झाला. एक विनंती मात्र आहे. जुन्या विंडोज ९८ किंवा विंडोज ७ च्या संगणकाशी फायलींची देवघेव करण्यासाठी कोणी नव्या संगणकांवर एसएमबी १ ही फायली शेअर करण्याची जुनी पद्धत चालू करण्यास सुचवील. ते करू नका. २०१७ साली वॉनाक्राय हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर ज्या दारातून पसरले, ते हेच होते. विंडोजने ते मूलतः बंद ठेवले आहे, ते योग्यच आहे. फायली पेन ड्राइव्हने किंवा डिस्क जोडून न्या. जुना संगणक इंटरनेटला लावू नका आणि आभासी विंडोज ७ ठेवलीत तर तिचे नेटवर्क कार्डही बंद ठेवा.

सचिव_पतसंस्था

डिस्कची प्रतिमा घेऊन झाली आहे आणि तिच्या प्रती संस्थेच्या तिजोरीत तसेच कारखान्याबाहेर, अशा दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. प्रिंटरच्या बॅच फायलीने कपात यादी पूर्ण रुंदीत आणि कार्बन प्रतींसह निघाली. पगार विभागाने ती स्वीकारली.

आमच्या फायलीतील क बी३ नव्हता, म्हणजे मांडणी सरकवलेलीच होती. प्रोग्रामरांच्या मदतीने ती सरळ केल्यावर नावे स्वच्छ वाचता येऊ लागली. एक शंका उरते. वारसांच्या नावांत काही ठिकाणी अक्षरांमध्ये न दिसणारे चिन्ह राहिले आहे, त्यामुळे नाव दिसायला बरोबर असूनही शोधात सापडत नाही.

लिपीशोधक

ते शून्य रुंदीचे जोडचिन्ह किंवा तोडचिन्ह असावे. इस्कीत हलन्तानंतर पुन्हा हलन्त दिला की पाय मोडलेले अक्षर उघडे दिसे आणि हलन्तानंतर नुक्ता दिला की अर्धे अक्षर दिसे. रूपांतर करताना यांची जागा ही दोन अदृश्य चिन्हे घेतात. ती सरसकट पुसू नका, कारण काही नावांचे रूप त्यांवर अवलंबून असते. नोंदवहीसाठी नाव जसेच्या तसे ठेवा आणि शोधासाठी ही चिन्हे वगळलेले दुसरे क्षेत्र तयार करा. वारसाचे नाव कायदेशीर दस्तऐवजाचा भाग असल्याने रूपांतरित यादी छापून प्रत्येक सभासदाला स्वतःची नोंद दाखवावी आणि दुरुस्तीसह त्याची सही घ्यावी. सर्वसाधारण सभेच्या वेळी बहुतेक सभासद येतातच. त्या दिवशी यादी प्रवेशाच्या टेबलावर ठेवली तर हे काम त्यांच्या समक्ष पूर्ण होईल.